नकाशातली बाभळींजवळची जागा

वडील जाऊन दोन महिने झाले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत आमच्या तांड्याचा आराखडा सापडला. अक्षर माझंच आहे.

वडील तांड्याचे नायक होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तालुक्याचे साहेब आले. पुढच्या वीस वर्षांत इथं काय हवं, ते तांड्यानं आणि सरकारनं मिळून ठरवायचं, म्हणाले. आमच्या ओट्यापुढं, जिथं तांड्याचे न्याय होत, तिथंच रांगोळीनं नकाशा काढला. घरांच्या जागी खडे, विहिरीच्या जागी वाटी. नळाची रेघ ओढली तेव्हा शेजारची म्हातारी म्हणाली, "सायब, नळ आला म्हणायचा. घागर लावू का आता?" सगळे हसले, साहेबही.

उत्तरेच्या बाभळींजवळ साहेबांची काठी थांबली. "नायक, इथं काय?"

"ते तसंच राहू द्या, सायब."

तिथं आम्ही लेकरं पुरतो. लग्नाआधी गेलेल्यांना आमच्यात जाळत नाहीत. वर खूण ठेवत नाहीत, दगडसुद्धा नाही. माझी धाकटी बहीण तिथं आहे. परक्यांपुढं हे बोलत नसत. कॉलेज शिकलेला मी एकटाच, म्हणून नकाशा कागदावर उतरवायचं काम माझ्याकडं आलं होतं. पण लिहायला हात धजेना. मी ती जागा कोरी सोडली. मला वाटलं, कोरी सोडली म्हणजे राखली.

दोन वर्षांनी शाळेची खोली मंजूर झाली. आराखड्यात मोकळी जागा तेवढीच दिसत होती. पाया आखायची फक्कीची पांढरी रेघ बाभळींपर्यंत गेली तशी आई वाटेतच खाली बसली. "काहून लिहिलं न्हाईस रे?" एवढंच म्हणाली.

वडील तालुक्याला गेले. आधीच्या साहेबांची बदली झाली होती. नव्यांनी कागद वडिलांपुढं धरला. "इथं तर काहीच नाही, नायक. जागा बदलायची तर मंजुरी परत जाईल."

तांड्यातली लेकरं ओढा ओलांडून गावच्या शाळेत जायची. ओढ्याला पाणी आलं की घरीच राहायची. वडिलांनी खोली होऊ दिली. पाया खणून होईपर्यंत ते रोज सकाळी चरीच्या कडेला जाऊन बसत. मजुरांना म्हणत, "हळू मार, बाबा." तिथं काय निघालं, ते घरी कधी बोलले नाहीत.

मलाही काही बोलले नाहीत. फक्त त्यानंतर तांड्याचा कुठलाही अर्ज लिहायचा झाला, की कागदाची घडी खिशात घालून ते गावच्या गुरुजींकडं जात. मी ओट्यावर वाचत बसलेला असे. माझ्यासमोरूनच जात.