विद्यापीठ पाहायला गेलो तेव्हा

आमच्या घरी कोणतीही गोष्ट निवडत नाहीत, पाहून येतात. म्हैस पाहून आणली, अंगणाचं लोखंडी गेट पाहून आणलं, ताईचा नवरासुद्धा पाहूनच आणला. तो पाहायला आई, बाबा, मामा अशी सारी मंडळी साकोलीला गेली होती. ताई तेवढी घरी राहिली, कारण मुलीनं मुलाच्या घरी पाहायला जायचं म्हणजे काय, लाजबीज आहे की नाही! त्यामुळे मी ऑनलाइन विद्यापीठातून कॉम्प्युटरची पदवी घेणार म्हटल्यावर बाबांचा पहिला प्रश्न ठरलेलाच होता.

"पाहाले कवा जाचं?"

"ऑनलाइन आहे बाबा. जायचं नसते."

"जाचं नसते, तं मंग हाय कुठं ते?"

मी तेव्हा मोहाडीत एका कार्यालयात कंत्राटावर कॉम्प्युटर ऑपरेटर होते. शिक्षण बारावी आणि वर टायपिंग. दर वर्षी कंत्राट संपायचं आणि दर वर्षी साहेबांच्या टेबलासमोर तोंड बारीक करून उभं राहायचं. मला त्याचा मनस्वी कंटाळा आला होता. कायमच्या जागा निघणार अशी कुणकुण होती, पण त्यासाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी हवी होती. नोकरी सोडून नागपूरला कॉलेजात बसणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातात आणि मोबाइल दुसऱ्या हातात धरून मी विद्यापीठं शोधायची. त्यात एक गोष्ट कळली. जाहिरात कितीही गोरीगोमटी असो, ऑनलाइन पदवी द्यायची परवानगी कोणाला आहे याची दिल्लीच्या आयोगाची एक यादी असते. त्या यादीत नाव नसेल तर ती पदवी भिंतीचा पोपडा झाकायच्या कामाची. यादीतलं दक्षिणेकडचं एक विद्यापीठ मी मनाशी पक्कंही केलं होतं.

बाबांनी त्याची चौकशी सुरू केली. मालक कोण? तिथं आपलं कोण राहते? आपल्या इकडची कोणती पोरगी तिकडे दिली आहे काय? बाबांनी आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केली. तिकीट नसलेल्या माणसाला त्यांनी कधी सीटवर टेकू दिलं नाही. पण विद्यापीठाची पाळी आली तेव्हा तिकीट विचारायचं सोडून ते त्याचं गणगोत शोधत बसले.

इतक्यात मामा धावून आले. मामा भंडाऱ्याला पितळी भांड्यांच्या दुकानात होते आणि फावल्या वेळात आमच्या घराचं कल्याण करायचे. ताईचं स्थळ त्यांनीच आणलं होतं: मुलगा कंपनीत इंजिनिअर, फक्त पर्मनंटची ऑर्डर प्रोसेसमध्ये आहे. ती कंपनी नेमकी कुठं आहे हे ताईला वर्षभर नांदूनही कळलं नाही. मग एक दिवस ती बॅग घेऊन परत आली आणि स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरायला बसली. घरात त्यावर कोणी बोललं नाही. मामा तर अजिबातच नाहीत.

"भाऊजी, एक नंबर विद्यापीठ हाय," मामा म्हणाले. "हापिस आपल्या भंडाऱ्यातच. एका वर्षात डिग्री. परीक्षा घरीच, पुस्तक पाहून."

वा रे वा! पुस्तक पाहून परीक्षा घेणाऱ्यांना वर्ष तरी कशाला लागत होतं कोण जाणे. पण पाहता येईल असं विद्यापीठ म्हटल्यावर बाबांचा चेहरा खुलला. रविवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते निघाले. आईनं रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून चिवड्याचा डबा घेतला. ताईला आईनं बळेच सोबत घेतलं, तेवढीच हवापालट.

मामा खाली वाट पाहतच होते. विद्यापीठ दुसऱ्या मजल्यावर होतं. काचेचं दार, एसी, भिंतीवर काळे झगे घातलेल्या हसऱ्या मुलामुलींचे फोटो. तिथल्या सरांनी सगळ्यांना थंडा पाजला. बाबांनी सोफा दाबून पाहिला. आईनं सरांना गाव विचारलं, ते साकोलीकडचे निघाले, आणि दोन मिनिटांत आमच्या शेजारणीच्या भाच्याचे साडूही निघाले. झालं! सोयरीक जुळली. अभ्यासात काय शिकवतात हे विचारायची कोणाला गरजच उरली नाही.

मी मोबाइल काढला आणि यादी उघडली. दोनदा शोधलं. नाव नव्हतं.

"सर, आयोगाच्या यादीत तुमचं नाव नाही."

सर अजिबात डगमगले नाहीत. "मॅडम, मान्यता येऊन राहिली ना. प्रोसेसमध्ये आहे."

"यादीत नाव नसलं म्हणून काय झालं?" बाबा माझ्यावरच उखडले. "मागच्या निवडणुकीत माहं नाव यादीत नोयतं. मी काय मोहाडीचा नाही?"

कपाळ माझं! सरांनी फॉर्म पुढं सरकवला. पालकाच्या सहीची जागा त्यांनी बोटानं दाखवली आणि बाबांनी खिशातून पेन काढलं. मी रडायच्या बेतात होते. आता पुस्तक पाहून परीक्षा द्यायची, चकचकीत कागद आणायचा आणि जन्मभर साहेबांच्या टेबलासमोर उभं राहायचं.

तेवढ्यात ताईनं हात लांबवला आणि बाबांच्या हातातलं पेन काढून घेतलं. घरी परत आल्यापासून चारचौघांत ती पहिल्यांदा बोलली.

"बाबा, माह्या वेळी बी प्रोसेसमधीच होतं."

मामा फोटोतल्या काळ्या झग्यांकडे पाहू लागले. बाबा उठले, सरांना नमस्कार केला आणि जिना उतरले. आई चिवड्याचा डबा न देताच परत घेऊन आली.

मोहाडीच्या गाडीत बाबांनी माझा मोबाइल मागितला. हात लांब करून, डोळे बारीक करून त्यांनी ती यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. दक्षिणेकडच्या विद्यापीठाचं नाव मला बोट ठेवून दाखवायला लावलं.

"हेच भर," ते म्हणाले.

वाटेतलं वरठी गाव मागं पडल्यावर त्यांनी मागच्या सीटकडे मान वळवली. ताई खिडकीशी बसली होती.

"बाई, आज बोलली. तवा काहून नाही बोलली तू?"

ताई रागावली नाही. तिनं सरळ बाबांकडे पाहिलं.

"तवा मले कोणी नेलं होतं पाहाले?"