भावोजींचा सांडलेला माल

आमच्या भावोजींइतका नियमाने गाडी चालवणारा ट्रकचालक पेडण्यापासून डिचोलीपर्यंत शोधून सापडणार नाही, आणि त्यांच्याकडे ट्रक नाही. ट्रक कॉम्प्युटरात आहे. भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. डिचोलीच्या खाणीवरून नदीकाठच्या जेटीवर खनिज नेण्यात त्यांची बावीस वर्षं गेली. खाणी बंद पडल्या, ट्रक विकला, आणि ते हळर्णला आमच्या अंगणापलीकडच्या, पूर्वी काजू ठेवायच्या खोलीत राहायला आले. लग्न केलेलं नाही. जेवण आमच्याकडे, झोप तिकडे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक कॉम्प्युटर, प्लास्टिकचं स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडल आणले. तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला काजूच्या खोलीतून ट्रक सुटतो, सातला पोचतो, आणि ती सगळी ट्रीप इंटरनेटवर लाइव्ह दिसते. बघणारे दहाबारा. त्यातले बहुतेक त्यांच्यासारखेच जुने ड्रायव्हर, आणि एक कुणीतरी परदेशी माणूस, ज्याला एक अक्षर कळत नाही पण जो रोज येतो.

खेळातले रस्ते युरोपातले आहेत. भावोजींना ते मान्य नाही, ते अजून खाणीच्या जुन्या रस्त्यावरच आहेत. कुठल्याशा बर्फाळ मुलखात लाकडाचे ओंडके घेऊन जाताना ते माइकवर शांतपणे सांगतात की आता आपण मुळगावची उतरण उतरतोय, पुढे मयेचं वळण आहे, गिअर खाली घ्या. वाटेतल्या एका चर्चला त्यांनी देवीचं देऊळ ठरवलंय. तिथे एक हात स्टिअरिंगवरून काढून छातीशी नेतात, आणि एखाद्या दिवशी विसरले तर तीनचार ड्रायव्हर लगेच लिहून कळवतात. निघण्यापूर्वी पडद्याला उदबत्ती ओवाळतात, अंगात खाकी शर्ट असतो. वाटेत चहाला थांबायचं म्हणजे खेळातला ट्रक नीट बाजूला घ्यायचा, चारी दिवे लुकलुकत ठेवायचे, आणि खरोखर अंगण ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात यायचं. उंडा, म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, चहात बुडवून खायचा, आणि बघणाऱ्यांनी तोवर उभा ट्रक बघायचा. एकदा खेळातल्या पोलिसाने त्यांना लाल दिव्यावरून अडवलं. भावोजींनी त्याच्याशी इतका वेळ आणि इतक्या वरच्या आवाजात वाद घातला की शेजारच्या काकी आमच्याकडे पोलीस आले म्हणून फाटकापर्यंत येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना म्हटलं, आले आहेत, पण काचेच्या आत आहेत.

हे सगळं मी फारसं मनावर घेत नव्हते. माणूस घरात असतो, कुणाच्या अध्यातमध्यात नसतो, वेळेवर जेवतो. पण या वर्षी दिवाळीनंतर त्यांचा माल सांडायला लागला.

हा शब्द त्यांचा. लाइव्ह दाखवताना चित्र म्हणजे एकामागून एक जाणाऱ्या फ्रेम्स. वाटेत काही गळल्या की बघणाऱ्याकडे चित्र अडखळतं किंवा थिजून राहतं. किती गळल्या ते भावोजींच्या पडद्यावर कोपऱ्यात आकड्यात येतं. खाणीच्या रस्त्यावर जास्त भरलेल्या ट्रकातून खनिज सांडत जायचं, मागे लाल रेघ उमटायची. तेच इथे होतंय असं त्यांचं म्हणणं. जेवताना मी विचारायचे, आज कसं झालं, तर मान खाली घालून सांगायचे, "सांडलो, वयनी. मयेच्या वळणार सगळो सांडलो."

मला वाटलं, चित्र थोडं अडलं तर बिघडलं काय. मग कळलं की बिघडत होतं ते दोडामार्गात. तिथे बाबल राहतो, भावोजींचा खाणीवरचा जोडीदार. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात त्याचा उजवा हात आणि वाचा गेली. लेकीकडे असतो. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला हा माणूस संध्याकाळी सहाला आपणहून खूण करून उठवायला सांगतो, खुर्चीत बसतो आणि तासभर टीव्हीवर भावोजींची ट्रीप बघतो. तेवढंच त्याचं बसणं. आता चित्र थिजलं की बाबलला वाटायचं, भावोजींची गाडी बंद पडली. मग तो मदतीला उठायला बघायचा. एकदा उठता उठता खाली आला. लेकीने फोन केला आणि अगदी नीट शब्दांत सांगितलं, काका, तुमच्यावर राग नाही, पण पुन्हा असं झालं तर मी हे लावणं बंद करीन, मला ते एकटीने उचलवत नाहीत. भावोजी म्हणाले, बरोबर आहे तुझं, मला थोडे दिवस दे. फोन ठेवून ते जेवले नाहीत. भावोजींनी न जेवणं ही आमच्या घरात दखल घेण्याजोगी गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुरुस्ती काढली, ती ट्रकचीच पद्धत लावून. ते म्हणायचे, माल तीन कारणांनी पोचत नाही. एक, इंजिन ओढत नाही. दोन, भरणारा सावकाश भरतो. तीन, रस्ता तुंबलाय. पहिल्यासाठी कॉम्प्युटर उघडून गॅरेजात नेला आणि टायरमध्ये भरायच्या हवेने आतली धूळ उडवली. त्या धुळीत एक मेलेली पाल आणि माझी हरवलेली कानातली फिरकी निघाली. दुसऱ्यासाठी कॉम्प्युटरवर चाललेलं बाकी सगळं बंद केलं, अगदी कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा. पण त्यांच्या त्या लाइव्ह दाखवायच्या प्रोग्रॅममध्ये तिन्ही कारणांचे आकडे वेगवेगळे दिसतात, आणि पहिल्या दोन ठिकाणी मुळातच शून्य होतं. सांडत होतं ते तिसऱ्यात, रस्त्यावर. म्हणजे चित्र घरातून बाहेर इंटरनेटवर जायच्या वाटेवर.

इंटरनेटचा डबा आमच्या फ्रिजवर असतो. मध्ये अंगण आणि चिऱ्याची जाड भिंत. भावोजींनी डबा आधी जनेलात, म्हणजे खिडकीत ठेवला, मग तांदळाच्या पिंपावर, आणि एक दिवस मी बघते तर देव्हाऱ्याच्या वर. तिथून मी तो उतरवला. मग त्यांनी वायरच ओढली, फ्रिजपासून अंगणावरून थेट काजूच्या खोलीपर्यंत, ट्रकवर ताडपत्री बांधतात त्या गाठी मारून. वायर इतकी ताठ होती की पहिल्याच सकाळी मी तिच्यावर दोन टॉवेल वाळत घातले. भावोजींनी ते घडी करून आणून दिले. तरीही सांडायचं थांबेना. मग त्यांनी लोड उतरवला, म्हणजे चित्राची प्रत कमी केली. पुन्हा कमी केली. शेवटी रस्ता, झाड आणि म्हैस यांच्यात फरक कळेना, आणि त्या परदेशी माणसानेसुद्धा काहीतरी लांबलचक लिहिलं.

मी तालुक्याच्या कचेरीत तीस वर्षं रजिस्टरं बघते. घोळ दिसला की मला तारखा आणि वेळा मांडून बघाव्या लागतात. एका रविवारी मी भावोजींकडे त्यांची ट्रीप-डायरी मागितली. खाणीवरची सवय, अजून ठेवतात. त्यांनी ती लगेच दिली नाही. आधी म्हणाले सापडत नाही, मग म्हणाले अक्षर खराब आहे. मी हात पुढे करून उभी राहिले, तेव्हा दिली.

अक्षर चांगलं होतं. रोजची तारीख, सुटण्याची वेळ, कुठल्या वळणावर किती सांडलं. वेळ नेहमी सहा पंचवीस ते सहा चाळीसच्या मधली. शनिवार-रविवार साफ. मध्येच एक बुधवारही साफ, आणि त्या बुधवारी मी दात काढून घ्यायला रजेवर होते. त्या दिवसानंतर प्रत्येक सांडलेल्या ओळीपुढे पेन्सिलीने बारीक 'व. इ.' लिहिलेलं. म्हटलं, हे काय? म्हणाले, "वीज इली. वीज जाता नि येता मगे, तेचा." मी म्हटलं, भावोजी, बुधवारनंतर एकदाही वीज गेलेली नाही. ते वायरीकडे बघत बसले.

सहा पंचवीसला मी स्कूटर लावून घरात शिरते. 'व. इ.' म्हणजे वयनी इली, वहिनी आली.

कारण माझ्या पर्समध्ये होतं. दिवसभरात कचेरीत येणाऱ्या प्रत्येक अर्जाचा मी फोनवर फोटो काढून ठेवते, साहेबांनी विचारलं की दोन मिनिटांत दाखवता येतो. दिवसाचे शंभर-सव्वाशे होतात. दिवाळीत माझ्या भाचीने मला नवा फोन लावून दिला, तेव्हा घरचं इंटरनेट मिळालं की सगळे फोटो आपोआप वर चढून सुरक्षित राहतील असं तिने करून ठेवलं होतं. मी उंबरा ओलांडायचे आणि तालुक्याचे शंभर अर्ज एकदम त्याच अरुंद वाटेने बाहेर धावायचे. भावोजींचा ट्रक मध्ये अडकायचा. मी मात्र जेवताना त्यांना रोज विचारत होते, आज कसं झालं.

हे त्यांना दहा दिवस ठाऊक होतं. या दहा दिवसांत त्यांनी चहाची वेळ बदलली होती. मी यायच्या वेळेला ट्रक बाजूला उभा राहील असा थांबा आणला होता, म्हणजे चित्र थिजलं तरी बाबलला कळू नये. उभाच तर आहे. पण मला वाटेत रेल्वेचं फाटक लागलं, पावभाजी घ्यायला थांबले, की त्यांचा हिशेब चुकायचा. मला राग आला, आणि तो मी दाखवला. म्हटलं, एका शब्दाचं काम होतं. इतके दिवस वायरी ओढत बसलात, तिकडे तो माणूस पडला असता पुन्हा, मला सांगायला तोंड नव्हतं?

ते डायरी मिटून म्हणाले, "घराक येणाऱ्या माणसाक कोण असा सांगता काय, वयनी, की तुमी इलास की माझो माल सांडता?"

मी फोन काढला आणि ते आपोआप चढणं बंद केलं. दोनदा बोट लावायचं काम. आता रात्री झोपताना मी ते चालू करते, सकाळी उठून बंद. लोडही त्यांनी पूर्वीसारखा पूर्ण भरला, आणि झाड पुन्हा झाड दिसायला लागलं.

सोमवारी मी मुद्दाम नेहमीच्याच वेळी घरी आले. पर्स टेबलावर ठेवली, चहा टाकला. काजूच्या खोलीतून मुळगावची उतरण ऐकू येत होती. सात वाजले, सव्वासात वाजले, चहाची दुसरी खेप झाली तरी ट्रीप संपवून भावोजी घरात आले नाहीत, म्हणून मी अंगण ओलांडून बघायला गेले. ट्रक जेटीवर पोचलेला, माल रिकामा झालेला, कोपऱ्यातल्या आकड्यात शून्य. भावोजी इंजिन चालू ठेवून स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मी म्हटलं, पोचलात ना, बंद करा आता. त्यांनी पडद्याच्या वरच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे बघणाऱ्यांची संख्या येते. बाकी सगळे गेले होते आणि एक उरला होता.

माइक हाताने झाकून ते हळू म्हणाले, "बाबल अजून उतरूक नाय."

बाबलची लेक कामात असेल, टीव्ही बंद करायचा राहिला असेल, हे मला दिसत होतं आणि त्यांनाही दिसत असणार. पडद्यावर संध्याकाळ पडली होती, समोर कुठलीशी परक्या मुलखातली नदी होती आणि ट्रकचं इंजिन सावकाश धडधडत होतं. मला खरं तर भाकऱ्या करायच्या होत्या. दाराला टेकून मी तो एकचा आकडा बघत थोडा वेळ तिथेच उभी राहिले.