उपरण्याखाली ठरलेलं एम.टेक.

आमचे आप्पा तेलगावचे, बैलांचे व्यापारी. त्यांच्या बाजारात भाव तोंडानं बोलायचा नसतो. खांद्यावरचं उपरणं हातांवर टाकायचं आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवायचा. माझं एम.टेक. असंच ठरलं.

मला खरंच पुढं शिकायचं होतं. बी.टेक.ला ज्या यंत्रांना लांबूनच नमस्कार केला होता, ती एकदा स्वतःच्या हातानं चालवायची होती. आप्पांना स्थळं बघताना सांगायला एक जास्तीची डिग्री हवी होती. आणि जिल्ह्यातल्या त्या कॉलेजाला रिकामी जागा भरायला कुणीही चाललं असतं. गरजू तीन, त्यात शिकायची हौस माझी एकटीची.

"फी सरकारनं ठरवलेली असते. त्यात घासाघीस नाही," प्राचार्य म्हणाले. आप्पांनी शांतपणे टेबलावर उपरणं पसरलं. प्राचार्यही इथलेच, त्यांचा हात न सांगता आत गेला. वर भिंतीवर सरस्वती, खाली बोटांची चुळबुळ आणि मी गुणपत्रिका छातीशी धरून उभी. माझ्या गुणांबद्दल कुणी विचारलं नाही. बैलाचे निदान दात तरी बघतात.

अखेर दोघांचे चेहरे खुलले. "फक्त परीक्षेला धाडा," प्राचार्य म्हणाले. "हजेरीचं आमी बघतो."

"मी रोज येणार आहे," मी म्हणाले.

प्राचार्य दचकले. "रोज? मग शिकवायला मास्तर ठेवावा लागंल की!"

हात परत उपरण्याखाली गेले. भाव वाढल्याचं आप्पांच्या कपाळावर दिसलं. पण मी हटून बसले आणि त्यांनी कुरकुरत का होईना, मान्य केलं. त्या दिवशी मला आप्पांचा इतका अभिमान वाटला की विचारू नका.

मी रोज जाऊ लागले. प्रयोगशाळेतलं यंत्र प्लास्टिकच्या खोळीत होतं, चावी विभागाच्या साहेबांकडं आणि साहेब मीटिंगला. पुढच्या आठवड्यात प्राचार्यांनी माझ्या हातात खडू दिला. "रोज येताच आहात, तर डिप्लोमाच्या पोरांचा वर्ग घ्या."

मी शिकवत राहिले. मला शिकवायला कुणीच आलं नाही. शेवटी घरी सांगितलं, तेव्हा आप्पा तडक कॉलेजात गेले.

"मास्तर ठेवायचं पैसं दिलतं की मी! कुठं हाय मास्तर?"

"ठेवला की," प्राचार्य हसून म्हणाले. "तुमचीच पोरगी."

मला तिथंच रडू फुटलं. परतताना एसटीत आप्पा माझ्या शेजारी बसले होते. उपरणं खांद्यावर नव्हतं, घडी करून मांडीवर ठेवलं होतं.

"बैल असा कुणी गळ्यात मारला न्हाई मला," ते म्हणाले.

डिग्री मात्र वेळेवर मिळाली. ते यंत्र मी कधीच चालवलं नाही.