चैत्रातली ओटी

सुप्रभा इंग्लंडात, लीड्सच्या एका हॉस्पिटलात बायकांची डॉक्टर. दिवसभर मान मोडून काम करायचं, पेशंट बायकांना "इच्छा होणं नॉर्मल आहे, त्यात लाजायचं काय?" असं समजवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन टोस्ट खाऊन पडायचं. नवरा, चंद्रशेखर, जाऊन चार वर्षं झाली होती. बावन्नाव्या वर्षीही बाईला अंगाची भूक असते, हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं आणि स्वतःवरूनही. पण बोलणार कोणापाशी? कपाळ!

लंडनजवळच्या इल्फर्डचे कमलाकर, जुन्या ओळखीतले, दर रविवारी फोन करायचे. तेही एकटेच, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्या एप्रिलात त्यांनी सरळ विचारलं, "मेमधल्या बँक हॉलिडेच्या सुट्टीनंतर दोन दिवस तुमच्याकडे राहायला येऊ का?" सुप्रभा म्हणाली, "सांगते." पण आठवडा उलटला तरी तिला सांगवेना.

शनिवारी शिल्पाकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. शिल्पा मैत्रीण तशी चांगली. "आपल्यात तसलं काही नाही हं, तू यायचंसच," असं बजावून गेली होती. सुप्रभाने अख्खी रात्र ड्युटीवर काढली, सकाळी डाळ वाटली, कैरी किसली आणि डबे भरून नेले. मखरात गौर नटून बसली होती. बायका उखाण्यांवरून एकमेकींना चिडवत होत्या, नवऱ्याचं नाव घेताना खोटंखोटं लाजत होत्या. ओट्या भरत भरत शिल्पा हिच्यापर्यंत आली, घुटमळली, मनगटाला अत्तर लावलं आणि पुढे सरकली. भिजवलेले हरभरे गेले शेजारणीच्या पदरात. वर म्हणते कशी, "डाळ काय झालीये गं तुझी!" सुप्रभाला राग आला, पण रागवायचंही त्राण नव्हतं. तिने मुकाट्याने डबे विसळले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या जॅनेटने तिला जवळजवळ ओढूनच नेलं. गावाबाहेरच्या कुरणात मे महिन्याची होळी पेटली होती. ही चाल चर्चच्याही आधीची, जॅनेट म्हणाली, आणि आम्ही बायका हिला आमच्या वासनेचा सण म्हणतो. शब्द अगदी असाच, आवाज खाली न आणता. काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्याही केसांत फुलं खोवून विस्तवाभोवती नाचत होत्या. जॅनेट फुलं न् सफरचंदं वाटत आली, आणि आमच्या डॉक्टरीणबाईंनी काय करावं? सवयीने जॅकेटचं टोक दोन्ही हातांनी पदरासारखं पुढे धरलं.

"हे काय?" जॅनेटने विचारलं.

"आमच्यात असं घेतात. नवरा असलेल्या बायका."

"आणि नसलेल्या?"

"त्या डाळ करतात."

जॅनेट हसली नाही. ओंजळी भरभरून तिने फुलं-सफरचंदं त्या जॅकेटात घातली. सुप्रभा तिथेच गवतावर बसली. पाय दुखत होते, रडूही येत होतं. चार वर्षांत तिला कोणी मायेने हात लावला नव्हता, आणि तिला तो हवा होता. इतकं साधं होतं ते.

घरी पोचल्यावर बूटही न काढता तिने इल्फर्डला फोन लावला.

"कमलाकर, या तुम्ही. मात्र पाहुण्यांची खोली मी आवरणार नाहीये."

पलीकडून ते हळूच म्हणाले, "नका आवरू."