लोसे आंटींची तीन मिनिटं

त्या महिन्यात तिसऱ्यांदा शहराच्या दुसऱ्या टोकाला, पापाटोएटोला लोसे आंटींकडे जाताना वल्लरीला स्वतःचीच लाज वाटत होती. हेन्डरसन भागातल्या एका ऑफिसात ती कार्यक्रमांचं बघायची. खुर्च्या, माइक, पाहुण्यांच्या याद्या. पुण्याहून या देशात शिकायला आली, त्याला अठरा वर्षं झाली होती.

या वेळचा कार्यक्रम पहाटेच्या धाडींच्या स्मरणाचा होता. सत्तरच्या दशकात इथे व्हिसा संपलेल्यांना शोधायला पोलीस घरांत शिरले आणि पॅसिफिक बेटांवरच्या माणसांना उचलून घेऊन गेले. मुदत संपलेले गोरेही पुष्कळ होते, पण त्यांची दारं फारशी कुणी ठोठावली नाहीत. सरकारनं माफी मागितली, त्यालाही आता काही वर्षं झाली होती.

लोसे आंटी टोंगाच्या, साठी ओलांडलेल्या. घरावर धाड पडली तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या.

"आता काय राहिलं?" दार उघडत त्यांनी विचारलं.

"मॅनेजर म्हणतात, तुमची आठवण तीन मिनिटांत बसवा. आणि पोलिसांच्या कुत्र्याचं काढून टाका. शाळेची मुलं येणार आहेत."

आंटी सोफ्यावर टेकल्या. "मी शाळेतलीच मुलगी होते तेव्हा."

वल्लरीनं हातातला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

"युनिव्हर्सिटीवाल्यांना सांगितलं, टीव्हीवाल्यांना सांगितलं. दर वेळी कुणीतरी रडतं, मग मला चहा देतात. घरी आले की दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही. यंदा तूच वाच."

"आंटी, मी कुठे इथली?"

"रस्त्यात चेहरा बघून कागद मागायचे गं. तुला काय सोडलं असतं?"

वल्लरीला आपली सुरुवातीची वर्षं आठवली. व्हिसा कायम होईपर्यंत ती डेअरीत दूध आणायला जातानाही पासपोर्ट पर्समध्ये ठेवायची. कुणी कधी मागितला नव्हता. तरीही ठेवायची. ती हो म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी ती सकाळी सहालाच हॉलवर पोचली. खुर्च्या मांडून पाठ भरून आली होती. मंत्र्यांचं भाषण चांगलं होतं; अशी भाषणं तिनं आता बरीच ऐकली होती. मग ती उभी राहिली आणि आंटींनी सांगितलं होतं तसं सगळं वाचलं. मुलं झोपली होती त्या गादीवर कुत्रा चढला होता. वडिलांनी पँट घालू द्या म्हणून विनवलं होतं, तरी चादरीतच त्यांना गाडीत बसवलं. आई बूट घेऊन गाडीमागे धावली होती. वडिलांना टोंगाला परत पाठवलं, चार वर्षांनी ते तिकडेच वारले. लेकीची भेट झाली नाही. मॅनेजरनं मागून घड्याळ दाखवलं. वल्लरीनं पान उलटलं. शाळेची मुलं पुढे सरकून ऐकत होती.

"पुढच्या वर्षी वेळेचं बघ," खुर्च्या उचलताना मॅनेजर म्हणाला. तो चिडलेला नव्हता, दमलेलाच दिसत होता.

संध्याकाळी उरलेली सँडविचं घेऊन ती आंटींकडे गेली. त्या पांघरूण घेऊन टीव्ही बघत होत्या.

"डॅडचं नाव नीट घेतलंस?"

"सेमिसी. दोनदा घेतलं."

"ठीक. कुणी रडलं?"

"दोघंतिघं."

आंटींनी मान हलवली, एक सँडविच घेतलं आणि बाजूला सरकून तिला जागा करून दिली. वल्लरीनं बूट काढले. मग ती आंटींच्या शेजारी जाऊन बसली.