दुसऱ्याचा रेडिओ

मी पाचवीत असताना आमच्या घरी रेडिओ आला आणि त्याच दिवशी त्याला हात लावायची बंदीही आली.

शेजारचं बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब कायमचं इस्रायलला निघालं होतं. तिथले काका म्हणजे बाबांचे जिवलग मित्र. निघायच्या दिवशी बाबा त्यांच्यासाठी टॅक्सी ठरवायला गेले असताना काकांनी तो जाडजूड लाकडी पेटीचा, व्हॉल्वचा रेडिओ आमच्याकडे आणून ठेवला. रात्री बाबांनी घरात जाहीर केलं, ही मित्राची ठेव आहे, तो आला की जशीच्या तशी परत द्यायची. त्या काळी रेडिओला पोस्टाचं लायसन्स लागायचं आणि ते काकांच्या नावावर होतं. दुसऱ्याच्या लायसन्सवर आपण गाणी ऐकायची, हे बाबांच्या तत्त्वात बसेना. पुढे सरकारने लायसन्स बंद केलं, पण बाबांनी बंदी उठवली नाही. काकांचं वर्षाकाठी एखादं पत्र यायचं, त्यात रेडिओचा विषयही नसायचा. "बघा, केवढा विश्वास आहे त्याचा!" बाबा म्हणायचे.

दुसरा रेडिओ आमच्याकडे कधी आला नाही. टीव्ही आला, तो बाबांच्या बातम्यांसाठी.

यंदा काकांच्या मुलीचा फोन आला. वडिलांना एकदा पनवेल बघायचंय, तुम्हाला भेटायचंय. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे माझे बाबा ताडकन उठून बसले. "रेडिओ चालू झाला पाहिजे. बंद पडलेली वस्तू हातात देऊन मित्राला तोंड कसं दाखवू?"

झालं. मी बँकेतून रिटायर झालेली बाई, साधा फ्यूज घालायलाही शेजाऱ्यांना बोलावते. मागचा पुठ्ठा उघडला तर आत धुळीची गादी, पालीच्या अंड्यांची टरफलं आणि मध्ये काचेचे पाच व्हॉल्व. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. एक म्हणे प्लग लावून बघा, दुसरा म्हणे लावाल तर पस्तावाल. दोघंही इतक्या ठामपणे सांगत होते की मी स्क्रूड्रायव्हर घेऊन नुसती बसून राहिले.

शेवटी जवळच्या गव्हाण गावचे एक म्हातारे मिस्त्री सापडले. मुलाच्या मोबाईलच्या दुकानात मागे स्टुलावर बसलेले असतात. रेडिओचं नाव काढताच रिक्षात बसून घरी आले.

"एकदम लाईन दिली तं जळंल, ताई," असं म्हणून त्यांनी आधी ब्रशने धूळ काढली. व्हॉल्वचे पाय घासले, दोन-तीन कंडेन्सर बदलले, स्टेशनच्या काट्याची तुटलेली दोरी नवी ओवली. मग शंभर वॅटचा पिवळा बल्ब मध्ये जोडून त्यातून वीज सोडली. बल्ब भकन पेटला, मग मंद झाला, म्हणजे आत शॉर्ट नाही, आणि मिस्त्री खूश झाले. आत एकेक व्हॉल्व तांबूस उजळला. पण आवाज म्हणजे नुसती खरखर. ट्यूबलाइट बंद करा म्हणाले, वायफाय बंद करा म्हणाले, आणि खरोखरच खरखरीतून एक बाई गायला लागली.

"यो फारसा वाजवलाच नाय कोनी," ते बटण चाचपत म्हणाले. "बटनं बघा, जास्त घासलीच नाय. अशी कशी वस्तू ठेवली तुमी?"

मी ठेवीची गोष्ट सांगितली. त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं.

समोरच्या जाळीच्या कापडावर हळदकुंकवाचा थर होता. दर दसऱ्याला आई रेडिओची पूजा करायची, झेंडूचं फूल वाहायची. ती जाऊन चार वर्षं झाली. बाबा म्हणाले, हे साफ कर, त्याने दिला तेव्हा नव्हतं. मला समजेना काय करावं. पुसलं तर आईची बोटं पुसल्यासारखं होईल, ठेवलं तर बाबांचा शब्द मोडेल. अर्धंमुर्धं झटकलं. दोन्हीकडून चुकलंच असणार.

काका आले. हातात काठी, दुसऱ्या बाजूला मुलगी, मराठी मात्र जशीच्या तशी. रडणं झालं, चहा झाला. मग बाबा म्हणाले, "घे बाबा तुझी ठेव. जरा खरखरतो, पण चालू आहे."

"ठेव कसली?" काका गोंधळले. "हा मी वहिनींना दिला होता. धुणं वाळत घालायच्या निमित्ताने आमच्या खिडकीशी उभ्या राहून गाणी ऐकायच्या त्या. त्यांना म्हटलं, हा आता तुमचा." एवढं बोलून ते रेडिओच्या जाळीला कान लावून बसले.

मी सुन्न झाले. आई हे बोलली कशी नाही? इतकी वर्षं नुसती धूळ पुसत राहिली? बाबांनी माझा हात धरला आणि मला एकटीलाच ऐकू येईल असं पुटपुटले, "ती सांगत होती, पहिल्याच रात्री. मीच म्हटलं, तुला काय कळतंय, एवढी वस्तू कोणी देतं का."

मला बाबांचा भयंकर राग आला. त्यांचा हात झटकावा की घट्ट धरावा, तेही सुचेना.

काकांनी मान वर केली. "ऐकायच्या ना वहिनी?"

मी बाबांकडे पाहिलं.

"रोज ऐकायची," बाबा म्हणाले.

बाबांना खोटं बोलताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ते मित्राला वाईट वाटू नये म्हणून बोलले, की स्वतःला ते सहन होईना म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.