भारी मशीन केबिनमध्ये जाणार नाही

माझ्या आत्याला शोरूममध्ये सगळे तोफ म्हणत. पाठीमागे म्हणत, पण तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं. कॉम्प्युटरच्या त्या चकचकीत शोरूममध्ये ती काउंटरवर उभी असायची. एकदा मॅनेजर एका शिंप्याला सगळ्यात महागडं मशीन दाखवत होता, तेव्हा हिने मध्येच तोंड घातलं. मामा, तुम्हाला नुसती बिलं करायचीत ना, मग याच्या निम्म्यात काम होईल, म्हणाली. शिंपी खूश होऊन गेला. मॅनेजर खूश झाला नाही. त्या महिन्याचा पगार घेऊन आत्या घरी बसली.

घरी म्हणजे आमच्या दुकानात. बाबांचं फोटोच्या फ्रेमचं दुकान आहे. पुढे गिऱ्हाईक, मागे काच कापायचं लांब टेबल. त्या टेबलाचा अर्धा भाग आत्याने आधी मागितला आणि उत्तर यायच्या आत घेतला. तिथे ती सुटे भाग आणून ऑफिसांसाठी स्वस्त कॉम्प्युटर जोडू लागली. मदरबोर्ड एकाकडून, कॅबिनेट दुसऱ्याकडून, मॉनिटर कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसातून. भाग जुना असला तर ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, वर मार्करने त्यावर ‘जुना’ असं लिहायची. धंदा कसा करू नये याचा हा वस्तुपाठच होता, पण गिऱ्हाईक येत राहिलं.

काचेचा चुरा आणि उघडे मदरबोर्ड एका टेबलावर नांदत नाहीत, हे बाबांना आणि आत्याला दोघांनाही मान्य होतं. कोणी हलायचं यावर मात्र एकमत नव्हतं. शेवटी बाबांनी निर्वाणीचं सांगितलं. कपाटं बनवणाऱ्या कारखान्याच्या चार मशीनची ऑर्डर हातात आहे ना, ती पार पडली तर टेबल तुझं, मी काच मागच्या पडवीत नेईन. नाही पडली तर टेबल काचेचं आणि तू परत शोरूममध्ये. मॅनेजरने तिची जागा भरली नव्हती. माफी माग आणि उद्यापासून ये, असा त्याचा निरोप होता.

आत्याची एक खोड होती. भाव सांगण्याआधी ती त्या ऑफिसात जाऊन बसायची. स्टूल मागून घ्यायची, कोपरा धरायची आणि कोण दिवसभर काय करतं ते बघायची. लोकांना वाटायचं, वरून तपासणी आली. कारखान्याच्या ऑफिसातही ती दोन दिवस अशी बसून आली. तिथे माणसं चार. केबिनमध्ये मालक, बाहेर हिशेब बघणारे काका, फोन घेणारा आणि माल रवाना करणारा एक जण, आणि जिन्याखाली एक मुलगी. गिऱ्हाइकाच्या खोलीत कपाटं कशी दिसतील याचे नकाशे ती स्क्रीनवर काढायची, म्हणून तिला सगळे नकाशेवाली म्हणत. मालकांनी ठरवून दिलेल्या रकमेत एकच भारी मशीन बसत होतं. आत्याने ते नकाशेवालीसाठी जोडलं. भरपूर रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड, मोठा मॉनिटर. बाहेरच्या दोन टेबलांना मध्यम मशीन. मालक ईमेल वाचत आणि उरलेला वेळ स्क्रीनवर पत्ते खेळत, तेव्हा त्यांना एक बुटकं जुनं कॅबिनेट, लख्ख पुसून. हे तिने त्यांना आधी नीट सांगितलं होतं. ते फोनवर होते आणि मान हलवत होते. ती मान फोनवरच्या माणसासाठी होती, हे पुढे कळलं.

मशीन लावायला गेलो तेव्हा मी तिच्याबरोबर होते. मालकांनी आधी स्वतःच्या टेबलावरच्या बुटक्याकडे पाहिलं, मग दारातून जिन्याखालच्या मोठ्या मॉनिटरकडे, मग आत्याकडे. अदलाबदल करा, म्हणाले.

“साहेब, तुमची सगळ्यात मोठी करवत कुठे असते?” आत्याने विचारलं.

“कारखान्यात.”

“केबिनमध्ये का नाही ठेवत?”

मला वाटलं, जिंकलो. पण मालकही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. गिऱ्हाईक माझ्यासमोर बसतं, करवतीसमोर नाही, ते म्हणाले. माझ्या टेबलावर भंगार दिसलं तर तो मला कपाटांचं काम कशाला देईल? यात तथ्य होतं. अशा वेळी माणूस नमतं घेतो. ही नाही घेत. अदलाबदल करा नाहीतर सगळं उचला, असं मालक म्हणाल्यावर तिने एकेक वायर काढून सगळं उचललं.

दुकानात चार मशीन परत आल्यावर पाय ठेवायला जागा राहिली नाही. बाबांनी डोकं लढवून तोडगा काढला. मालकांसाठी मोठं थोरलं कॅबिनेट आण, पुढे निळे दिवे लाव, आत तेच जुने भाग घाल आणि सांग की हेच भारी. मालक खूश, नकाशेवालीचं काम झालं, टेबल तुझं. मला बाबांचं कौतुकच वाटलं. आत्या म्हणाली, “म्हणजे बडा घर पोकळ वासा. हेच विकायचं होतं तर शोरूम काय वाईट होतं? तिथे एसी तरी होता.”

“मोडेन पण वाकणार नाही, हे ठीक आहे गं,” बाबा म्हणाले. “पण मोडल्यावर तुला ठेवायचं कुठे? टेबल एकच आहे.”

दुसऱ्या दिवशी ती भारी मशीन उघडायला बसली. भाग खोक्यात घालून दिले तर घाऊक दुकानदार परत घेणार होता. मला तिचा भयंकर राग आला होता. एवढ्याशा हट्टापायी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि वर शीळ घालत स्क्रू काढायचे. इतक्यात मालक स्वतः दुकानात आले. त्यांचं एका मोठ्या कामाचं घोडं नकाशांपाशी अडलं होतं. पण बोलले ते बाबांशी. तुम्ही मोठे भाऊ, बहिणीला समजवा, माझ्या मेव्हण्याच्या ऑफिसलाही मशीन हवीत, ती सगळी तुमच्याकडून घ्यायला सांगतो.

“मेव्हण्याकडे काम कोण करतं?” आत्याने मान वर न करता विचारलं.

मग मात्र मालक तिच्याकडे वळले. एक मशीन इकडचं तिकडे केलं तर तुमचं काय बिघडतं, असं त्यांनी विचारलं, आणि मला वाटतं खरोखरच कळावं म्हणून विचारलं. आत्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

“तुमच्या नकाशेवालीचं मशीन दिवसभर अडकतं. अडकलं की तुम्ही आतून ओरडता आणि ती म्हणते, सॉरी साहेब. मी स्टुलावर बसून दोन दिवस तेच ऐकलं. अडकतं मशीन आणि माफी मागते ती. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी काउंटरवर इतकी वर्षं हेच केलं. चुकीचं मशीन विकायचं दुसऱ्याने आणि गिऱ्हाइकाची माफी मागायची मी. आता मी जोडलेल्या मशीनपायी कोणी माफी मागणार नाही. तुम्हाला नको असेल तर नका घेऊ. मी जाईन परत काउंटरवर. पण हे मशीन केबिनमध्ये जाणार नाही.”

तिचा आवाज शेवटी कापला. तोफेचा आवाज कापताना मी पहिल्यांदाच ऐकला, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मालकांनी उघड्या मशीनकडे पाहिलं. “ती सवयीने म्हणते हो,” एवढंच बोलले आणि निघून गेले.

बाबा उठले. त्यांनी काचेचा एक मोठा तक्ता दोन्ही हातांत धरला आणि ते मागच्या पडवीकडे निघाले.

“दादा, ऑर्डर कुठे झाली?” आत्या म्हणाली.

“मला माहीत आहे. दार धर.”

आत्याने दार धरलं. संध्याकाळपर्यंत सगळी काच पडवीत गेली आणि भारी मशीन पुन्हा जोडून झालं. घेणारा कोणी नव्हता, तरी जोडून झालं.

सकाळी कारखान्याचा टेम्पो आला. साहेबांनी तीन मशीन मागवलीत, ड्रायव्हर म्हणाला, चौथं नको, स्वतःसाठी ते शोरूममधून आणतायत. आत्या मनापासून हसली. स्वतःच्या पैशाने पत्ते खेळायला कोणाची ना आहे, म्हणाली.

जिन्याखाली वायरी जोडून झाल्यावर नकाशेवालीने तिच्याकडचा सगळ्यात मोठा नकाशा उघडायला घेतला. स्क्रीनवर गोल चक्र आलं. ते दिसताच ती केबिनच्या दिशेने म्हणाली, “सॉरी साहेब.” ते म्हणेपर्यंत नकाशा उघडलाही होता, कपाटं, कप्पे, मुठी सगळ्यांसकट.

“कशाबद्दल?” आत्याने विचारलं.

मुलीने स्क्रीन वरून खालपर्यंत पाहिला. तिला काही सापडलं नाही. केबिनचं दार उघडंच होतं आणि आत साहेब बसले होते. ती पुन्हा केबिनकडे वळली.

“साहेब, सॉरी नाही,” ती म्हणाली. “नकाशा उघडलाय. बघायला इकडे या.”